प्रतिजैविकांनंतर बिघडलेले पोट : दही, कॅप्सूल की रोजचा आहार?

कृष्णाकाठ (प्रश्न)

माझ्या वडिलांचे वय अडुसष्ट आहे. गेल्या महिन्यात न्यूमोनियासाठी त्यांना प्रतिजैविकांचा पूर्ण कोर्स घ्यावा लागला. छाती बरी झाली, परंतु तेव्हापासून पोट गच्च राहते, दिवसातून दोन वेळा पातळ शौचास होते आणि जेवणावरची वासना कमी झाली आहे. डॉक्टरांनी कोर्सबरोबर प्रोबायोटिकच्या, म्हणजे जिवंत उपयुक्त जीवाणूंच्या, कॅप्सूल दिल्या होत्या. त्या संपल्यावर औषधाच्या दुकानदाराने आणखी तीन महिने घ्याव्यात असे सुचवले. आई म्हणते की घरचे दही असताना कॅप्सूलची गरजच काय? नात्यातल्या एकांनी तर तुपात आतड्यांना लागणारे ब्युटिरेट असते म्हणून सकाळी दोन चमचे तूप द्यायला सांगितले आहे. या तिन्ही सल्ल्यांमागे शास्त्र किती, हे कोणी समजावून सांगेल का?

शेवाळ

मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे उपचारांविषयी न बोलता आतड्यांत काय घडते तेवढेच सांगते. आपल्या शरीरात सुमारे 38 लाख कोटी जीवाणू असल्याचा अंदाज 2016 साली मांडला गेला आणि त्यांतील बहुसंख्य मोठ्या आतड्यात राहतात. धान्ये, डाळी आणि भाज्यांतील जो तंतुमय भाग आपल्याला पचवता येत नाही, तो हे जीवाणू आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही लहान साखळीची मेदाम्ले तयार होतात. यांपैकी ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन आहे. ते पुरेसे मिळाले की अस्तर मजबूत राहते आणि पाणी व क्षार नीट शोषले जातात. प्रतिजैविके रोगजंतूंबरोबर या रहिवाशांनाही मारतात. मग आम्ले कमी पडतात, न आंबलेली कर्बोदके आतड्यात पाणी धरून ठेवतात आणि शौच पातळ होते. तुमच्या वडिलांच्या तक्रारीमागे हे एक सरळ कारण असू शकते.

कॅप्सूलच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. प्रतिजैविकांबरोबरच, शक्यतो पहिल्या एक-दोन दिवसांत, काही ठरावीक प्रोबायोटिके सुरू केली तर जुलाब होण्याचे प्रमाण कमी होते, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. मात्र कोर्स संपल्यानंतर मूळ वस्ती पुन्हा उभी करण्याचे काम त्या करतात, हे सिद्ध झालेले नाही. इस्रायलमधील वाइझमन संस्थेने 2018 साली निरोगी स्वयंसेवकांना प्रतिजैविके देऊन हे तपासले. ज्यांना नंतर काहीच दिले नव्हते, त्यांच्या आतड्यांतील मूळ जीवाणू लवकर परतले. ज्यांनी अकरा प्रकारच्या जीवाणूंचे मिश्रण घेतले, त्यांच्यात मात्र ती वस्ती पाच महिन्यांनंतरही पूर्ववत झाली नव्हती. हा प्रयोग मोजक्या लोकांवरचा होता, त्यामुळे त्यावरून सरसकट नियम काढू नये, पण तीन महिने कॅप्सूल घेण्याचा सल्ला मला निराधार वाटतो.

आणखी एक. पाकिटावर प्रजाती आणि जाती यांच्यापुढे वाणाचे नाव किंवा क्रमांक आहे का, ते पाहा. लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस जीजी या नावातील ‘जीजी’ म्हणजे वाण. एका वाणावर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष त्याच जातीच्या दुसऱ्या वाणाला आपोआप लागू होत नाही, आणि नुसते ‘लॅक्टोबॅसिलस’ असे छापलेले पाकीट त्या दृष्टीने फारसे काही सांगत नाही.

ताकमेढी

वरील स्पष्टीकरण उत्तम आहे. मी आहारतज्ज्ञ असल्याने दही आणि तूप यांविषयी लिहिते.

आईंचे म्हणणे बरेचसे बरोबर आहे, फक्त त्यामागचे कारण थोडे वेगळे आहे. कोमट दुधात विरजण घालून लावलेल्या दह्यात जिवंत जीवाणू भरपूर असतात, पण ते कोणते आणि किती, हे प्रत्येक घरी आणि प्रत्येक ऋतूत बदलते. त्यामुळे दह्याला औषधी प्रोबायोटिक म्हणता येत नाही. तरीही हे जीवाणू दुधातील काही साखर आधीच मोडतात आणि उरलेली मोडणारे विकरही सोबत आणतात, म्हणून पोट बिघडलेल्या काळात दुधापेक्षा ताजे दही किंवा पातळ ताक बाधत नाही. कढी करताना ताक उकळले की जीवाणू मरतात. इडली आणि आंबोळी यांचेही तसेच. ते पदार्थ पचायला हलके असतात, पण त्यांतून जिवंत जीवाणू मिळतील अशी अपेक्षा ठेवू नये.

तुपात ब्युटिरिक आम्ल असते हे खरे आहे. मात्र ते लहान आतड्यातच शोषले जाते आणि मोठ्या आतड्यापर्यंत जवळजवळ पोहोचत नाही. तेथील ब्युटिरेट तेथेच, तंतूंपासून तयार व्हावे लागते. म्हणून वरणभातावर नेहमीचे तूप जरूर घ्यावे, पण पातळ शौच होत असताना सकाळी उपाशीपोटी दोन चमचे तूप देऊ नये, कारण मेद जास्त झाला तर त्रास वाढण्याचीच शक्यता अधिक.

माझा भर मूळ रहिवाशांना खाऊ घालण्यावर आहे. प्रकृती सावरेपर्यंत मऊ भात, मुगाचे वरण, शिजवलेला लाल भोपळा व गाजर, आणि पिकत आलेले पण थोडे कच्चे केळे यांपासून सुरुवात करावी. कच्च्या केळ्यात न पचणारा स्टार्च बराच असतो, आणि तोच जीवाणूंचे अन्न आहे. भात शिजवून थंड केल्यावर त्यातही असा स्टार्च वाढतो, मात्र वयस्कर माणसासाठी तो भात लगेच शीतकपाटात ठेवावा आणि नीट गरम करूनच वाढावा, बाहेर राहिलेला देऊ नये. पुढे ज्वारीची भाकरी, कांदा, मटकी, चवळी असे एकेक करून वाढवत जावे. कडधान्यांतील ज्या शर्करांमुळे वायू होतो, त्याच बायफिडोबॅक्टेरिया या आतड्यांतील उपयुक्त जीवाणूंना आवडतात. म्हणून थोडा वायू झाला तर ते कडधान्य कायमचे बंद न करता प्रमाण कमी करावे.

कृष्णाकाठ

आपणा दोघींचे मनापासून आभार. कॅप्सूल थांबवून आहार असाच सुरू करते. एवढेच विचारायचे आहे की किती काळ वाट पाहावी आणि कोणत्या लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये?

दीपमाळ

मी पोटविकारांचा डॉक्टर आहे आणि या प्रश्नाचे उत्तर आहारापेक्षा आधी द्यायला हवे होते, असे मला वाटते. वयाची पासष्टी ओलांडलेल्या व्यक्तीला प्रतिजैविकांनंतर जुलाब होत असतील तर क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जीवाणूची शक्यता लक्षात घ्यावी लागते. चांगल्या जीवाणूंची वस्ती विरळ झाली की त्याला वाढायला मोकळे रान मिळते, आणि हा संसर्ग कोर्स संपल्यानंतर काही आठवड्यांनीही डोके वर काढू शकतो. दिवसातून तीन किंवा अधिक पातळ शौच, ताप, पोटात कळा, शौचात रक्त, किंवा लघवी कमी होणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दाखवावे, आणि डॉक्टरांना न विचारता शौच थांबवणारी गोळी देऊ नये.

जीवाणूंचे महत्त्व किती, हे याच आजारावरील नेदरलँड्समधील एका चाचणीने दाखवून दिले. तिचे निष्कर्ष 2013 साली प्रसिद्ध झाले. वारंवार उलटणाऱ्या संसर्गात निरोगी दात्याच्या विष्ठेतील जीवाणू नळीने आतड्यात सोडल्यावर 16 पैकी 13 रुग्ण पहिल्याच वेळी बरे झाले, तर केवळ व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक घेतलेल्या 13 पैकी 4. हा उपचार अर्थातच निवडक रुग्णांसाठी आणि रुग्णालयातच करायचा आहे.

वडिलांना कर्करोगाचे उपचार सुरू असतील, स्टेरॉइडची मात्रा मोठी असेल किंवा मोठ्या शिरेत नळी बसवलेली असेल तर कोणतेही प्रोबायोटिक, विशेषतः यीस्टचे, स्वतःहून देऊ नये, कारण अशा रुग्णांत ते रक्तात उतरल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. यांपैकी काही नसेल आणि शौच दोनदाच होत असेल तरी, भूक मंदावलेली आहे हे पाहता मी आठवडाभरापेक्षा जास्त थांबणार नाही. शौचाचा नमुना तपासायला द्यावा आणि त्याच वेळी रक्तातील सोडियम, पोटॅशियम व (मूत्रपिंडांचे काम दाखवणारे) क्रिएटिनिन पाहून घ्यावे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे.