मदत हवी आहे: वेस्ट हायलँड वे, स्कॉटलंड. सॅकमधून काय काढू?

नमस्कार मंडळी,

जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात आम्ही दोघं स्कॉटलंडमधला वेस्ट हायलँड वे चालणार आहोत. ग्लासगोला लागून असलेल्या मलगायपासून (पाटीवरचं स्पेलिंग वाचायला जाऊ नका, उच्चार हाच) फोर्ट विल्यमपर्यंत १५४ किलोमीटर, ८ दिवस. ५ रात्री टेंट, २ रात्री हॉस्टेल. व्हिसा ब्रिटनचा काढलाय, शेंगेन तिथे चालत नाही हे माहीत आहे, तेवढं सोडून बोला.

अडलंय ते वजनाशी. माझी सॅक भरून काट्यावर ठेवली तर १६.४ किलो, तेही पाण्याशिवाय:

६५ लिटरची सॅक २.३, तिघांचा डोम टेंट ३.१, स्लीपिंग बॅग १.९, कॅरीमॅट ०.५, स्टोव्ह आणि भांडी १.१, कपडे ३.६ (एक जीन्स, सुती टीशर्ट ४, फ्लीस, थर्मल), पाँचो ०.४, दोन पॉवरबँक आणि चार्जर ०.९, औषधं ०.६, कोरडा खाऊ २.०.

काय काढू, काय बदलू? आणि गॅसचं काय करायचं?

कातळवाट

यादीत सह्याद्रीचा पावसाळा दिसतोय. जुलैत हरिश्चंद्रगडावर दिवसभर भिजलं तरी फारसं बिघडत नाही, कारण हवा उबदार असते. स्कॉटलंडात जूनमध्ये दुपारी १२ ते १७ अंश, रात्री ५-६ पर्यंत उतरू शकतं, आणि वर वारा. ओल्या अंगाने खाऊ खायला थांबलात की दहा मिनिटांत दात वाजायला लागतात. म्हणून पहिली जीन्स काढा, मग चारही सुती टीशर्ट. सुती कापड भिजलं की अंगाची ऊब ओढून घेतं आणि तिथल्या दमट हवेत रात्रभरात वाळत नाही.

कपड्यांचे दोनच जोड. एक चालायचा, तो ओला होणार हे धरूनच चालायचं. दुसरा झोपायचा: थर्मल वर-खाली, लोकरी मोजे. हा जोड टेंटमध्येच घालायचा. सकाळी कितीही जिवावर आलं तरी कालचे ओलेच कपडे चढवायचे. कोरडे घालून बाहेर पडलात तर संध्याकाळी दोन्ही जोड ओले, मग रात्र बसून काढा.

पाँचो घरी ठेवा. लॉख लोमंड तळ्याकाठच्या झाडीत चालेल एक वेळ, पण रॅनक मूरच्या उघड्या माळावर वारा तो डोक्यावर उलटा करतो. हुड आवळता येणारं जॅकेट आणि ओव्हरपँट घ्या. छत्री यादीत नाही, हे बरं.

ओला टेंट

सॅकच्या रेनकव्हरवर फार भरवसा टाकू नका. पाणी कव्हरवरून नाही, पाठीकडून शिरतं: मानेवरून ओघळून पाठीच्या पॅडमध्ये, तिथून तळाशी. आणि तळाशी काय असतं? स्लीपिंग बॅग. उपाय स्वस्त आहे. १०० लिटरची जाड कचऱ्याची पिशवी सॅकच्या आत लावा, त्यात स्लीपिंग बॅग, झोपायचे कपडे, इलेक्ट्रॉनिक्स. तोंड पिळून दुमडा आणि खाली खोचा. टेंट मात्र या पिशवीच्या बाहेर, सगळ्यात वर. सकाळी तो ओलाच गुंडाळला जातो, त्याला आत घेतलंत तर पिशवीचा उपयोग काय?

तुमचा डोम आधी आतला, मग बाहेरचा असा लागतो ना? पावसात आतला टेंट उभा करेपर्यंत त्यात तळं होतं. बाहेरचं कापड आधी लागणारा मिळाला तर घ्या, नाही तर दोघांनी घरी सराव करा: एकाने बाहेरचं कापड वर धरायचं, दुसऱ्याने खाली दांड्या ओवायच्या.

लॉख लोमंडच्या पूर्व काठावर १ मार्च ते ३० सप्टेंबर परवान्याशिवाय कुठेही टेंट ठोकता येत नाही. परवाना किंवा कॅम्पसाइट आधी बुक करा. त्या पट्ट्यापुढे स्कॉटलंडच्या २००३ च्या जमीन कायद्याने टेंट लावायची मोकळीक आहे, पण घरांपासून आणि रस्त्यापासून लांब, एका जागी दोन-तीन रात्रींपेक्षा जास्त नाही.

भटकी वही

चिलटांबद्दल कोणी बोललंच नाही! तिथे त्यांना मिज म्हणतात. जून ते ऑगस्ट ऐन हंगाम. ढगाळ, दमट, वारा पडलेला, म्हणजे नेमकी टेंट लावायची वेळ. ताशी ११ किलोमीटरच्या वर वारा असला की त्यांना उडता येत नाही, म्हणून खोलगट किंवा पाण्याकाठची जागा टाळून जरा वाऱ्यावर टेंट लावा. डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी न्या, वजन नगण्य. आपली साधी मच्छरदाणी नको, तिच्या भोकांतून मिज आरामात आत येतात.

गोचिडीही आहेत. फुलपँट मोज्यात खोचा, रोज रात्री गुडघ्यामागे, जांघेत, काखेत पाहा. चिकटलेली दिसली तर तेल, रॉकेल, पेटती काडी यातलं काही नको. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल वर्तुळ पसरताना दिसलं तर डॉक्टरांकडे जा, लाइम आजार असू शकतो.

चुलीवरचा

गॅस: सिलिंडर विमानात कशातच चालत नाही. ग्लासगोच्या आउटडोअर दुकानांत आट्यांचा सिलिंडर मिळतो. दोघांना सकाळ-संध्याकाळ पाणी उकळायला २३० ग्रॅमचा एक, संपत आला तर वाटेतल्या टाइनड्रम गावात दुसरा. लायटर, काडेपेटी इकडून नेऊ नका. पॉवरबँक केबिनमध्येच. २०,००० एमएएचचा एक पुरे, तो ७४ वॉट-अवर भरतो आणि मर्यादा १०० ची आहे. व्होल्टेज आपल्यासारखंच, फक्त तीन चपट्या पिनांचा प्लग लागेल.

खाऊ २ किलो कशाला? वाटेवर ड्रिमेन, बालमाहा, टाइनड्रम, किनलॉखलीव्हन इथे दुकानं आहेत. भरीव साठा टाइनड्रमला घ्या, पुढे किनलॉखलीव्हनपर्यंत हॉटेलं आहेत पण किराणा धरू नका. पोहे, उपमा प्रीमिक्स, मेतकूट चालेल. पेढे, दूध पावडर, तूप काढा, भारतातून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे.

कातळवाट

बुटांवर बोलायचं राहिलं. वॉटरप्रूफ उंच बूट घ्या, इन्व्हरस्नेडच्या पुढे मुळं आणि दगडांचा खेळ आहे, घोटा सांभाळायला हवा.

ओला टेंट

इथे असहमत. वॉटरप्रूफ बुटात पाणी वरून शिरलं की बाहेर यायला वाट नाही, दोन दिवस डबकं. जाळीचे बूट भिजतात, पण चालता चालता निथळतात. टाइनड्रमनंतर खरी तक्रार तळव्याची असते. जुना दगडी रस्ता मैलोनमैल, म्हणून तळ जाड हवा. काहीही घ्या, पण नवे कोरे नेऊ नका.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. नवा हिशोब: टेंट वाटून १.५, स्टोव्ह ०.६, कपडे २.१, जॅकेट-ओव्हरपँट ०.६, पॉवरबँक-चार्जर ०.५, औषधं ०.३, खाऊ १.०. सॅक, स्लीपिंग बॅग, मॅट तेच. एकूण ११.३. जुनेच बूट. ट्रेकिंग पोल?

ओला टेंट

घ्या, चेक-इनमध्ये टाका. कॉनिक हिलवरून बालमाहाला उतरताना गुडघे आठवण काढतील. आणि निघायच्या आठवड्यात भरलेली सॅक पाठीवर घेऊन दहा मिनिटं शॉवरखाली उभे राहा. मग झोपायचे मोजे काढून गालाला लावून बघा.