मदत हवी आहे: दुसरीतला स्वमग्न मुलगा फक्त माझंच ऐकतो, वर्गाशी त्याला कसं जोडू?

नमस्कार. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत मी विशेष गरजा असलेल्या मुलांची मदतनीस आहे. पालक-शिक्षक संघाने मानधनावर नेमलंय. विशेष शिक्षणाचं रीतसर प्रशिक्षण माझ्याकडे नाही. अधूनमधून भेट देणाऱ्या विशेष शिक्षिकेने दाखवलं तेवढंच येतं.

माझ्याकडे दोन मुलं आहेत. चौथीतली मुलगी सेरेब्रल पाल्सीमुळे वॉकर घेऊन चालते. तिचं छान चाललंय. मैत्रिणी दप्तर घेतात, जागा धरून ठेवतात, मी फक्त पायऱ्यांवर आणि बाथरूमला लागते. प्रश्न दुसरीतल्या मुलाचा आहे.

तो स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. बोलतो थोडं, पण वाचतो भरपूर. कदंबच्या (गोव्याच्या सरकारी) बसचे बोर्ड त्याला पाठ आहेत, साखळी, वाळपई, म्हापसा ही नावं न चुकता लिहितो. बेरीजही बसमधल्या माणसांची केली की जमते. घंटा मात्र सहन होत नाही, आणि पावसाळ्यात पत्र्यावर सर कोसळली की कान झाकून बाकाखाली जातो. त्यावर मी मार्ग काढलाय: घंटेआधी त्याला चित्र दाखवते, प्रार्थनेला आम्ही रांगेच्या टोकाला उभे राहतो.

अडचण अशी की आता त्याचं सगळं माझ्यावरून जातं. बाईंनी प्रश्न विचारला की तो माझ्याकडे बघतो. मी कोपराला हात लावल्याशिवाय पेन्सिल उचलत नाही. मुलंसुद्धा त्याच्याशी बोलत नाहीत, मला येऊन सांगतात, "बाई, त्याने माझा रबर घेतला." आमचा बाक मागे दाराजवळ आहे. तो उठला की वर्गबाई म्हणतात, "तुमचा मुलगा उठला बघा." मी रजेवर असले की आईला फोन जातो, घेऊन जा म्हणून. बाईंच्या मनात वाईट काही नाही. पहिली आणि दुसरी एकत्र सांभाळायची, त्यात कागदपत्रं. पण हा मुलगा शाळेत येऊनही वर्गात नसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

मी नेमकं कुठे बसावं? मदत कमी कशी करत जावी, म्हणजे तो घाबरणारही नाही? बाई माझ्याहून वयाने आणि अनुभवाने मोठ्या आहेत, त्यांच्याशी हे कसं बोलू? आणखी एक. घरी कोकणी, शाळेत मराठी, थेरपीला इंग्रजी. एका नातेवाइकाने आईला सांगितलंय की घरात एकच भाषा ठेवा आणि चित्रांची कार्डं बंद करा, नाहीतर तो बोलणारच नाही. आई कोकणीत म्हणते, "तो घरा सगळें उलयता", म्हणजे घरी तो सगळं बोलतो. मी तिला काय सांगू?

प्रतिसाद, विशेष शिक्षिका, फोंडा:

ताई, शेवटचं आधी, कारण ते सगळ्यात तातडीचं आहे. आईला सांगा, कोकणी अजिबात सोडू नका. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने स्वमग्न मुलाचं बोलणं मागे पडत नाही, हे अभ्यासांतून वारंवार दिसलंय. कार्डांनीही बोलणं थांबत नाही, उलट बऱ्याच मुलांना त्याने आधार मिळतो. आईने घरची भाषा सोडली तर आजीशी, शेजाऱ्यांशी त्याचं बोलणंच तुटेल.

आता बाक. दाराजवळून हलवा. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत, शांत मुलाशेजारी बसवा. तुम्ही त्याच्या आणि बाईंच्या मध्ये येऊ नका, थोडं मागे, बाजूला बसा. बाईंनी विचारल्यावर मनात दहा आकडे मोजा. ही मुलं ऐकून उत्तर जुळवायला वेळ घेतात आणि आपण मध्येच बोललो की त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तरीही काही केलं नाही तर वहीकडे बोट दाखवा. मग चित्र. हाताला स्पर्श सर्वात शेवटी. तोंडी सूचना कमीत कमी ठेवा, कारण तोंडी सूचनेची सवय सोडवायला सगळ्यात अवघड जाते. हे आधी एकाच तासाला करा, त्याच्या आवडीच्या गणिताच्या. भाषेच्या तासाला घाई नको.

मुलं तक्रार घेऊन आली की म्हणा, "त्यालाच विचार, हे कार्ड दाखव." पहिले काही दिवस मुलं तरीही तुमच्याकडेच येतील. येऊ द्या.

प्रतिसाद, पालक, पेडणे:

माझी मुलगी याच वाटेने गेली आहे. मुलगा तुमचा नाही, शाळेचा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १६ मध्ये समावेशक शिक्षणाची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर टाकली आहे, आणि कलम ३१ प्रमाणे ठरावीक प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. मदतनीस नाही म्हणून घरी पाठवणं यात बसत नाही. आईने प्रत्येक वेळी कारण लेखी मागावं, भांडण न करता. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात विशेष शिक्षकांचा प्रश्न हाती घेतला आणि प्राथमिकला विशेष गरजा असलेल्या १० मुलांमागे १ विशेष शिक्षक हे प्रमाण ठरलं. तुम्ही त्या पदाच्या जागी नाही आहात, हे शाळेलाही माहीत हवं.

पण बाईंशी बोलताना कायदा काढू नका. त्यांना एक छोटी गोष्ट मागा: दिवसातून एकदा त्यांनी स्वतः त्याला नावाने हाक मारून वही तपासावी. आमच्या बाईंनी तिथूनच सुरुवात केली होती.

धागाकर्ती:

दोघांचे मनापासून आभार. आईला सकाळीच सांगितलं, तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. बाईंशीही बोलले. वही तपासायला तयार आहेत, बाक हलवायला नाहीत. पुढे बसला तर पहिलीच्या मुलांचं लक्ष उडेल म्हणतात. मधला मार्ग म्हणून तिसऱ्या रांगेत खिडकीकडे चालेल का? तिथून रस्ता दिसतो आणि बस गेली की तो उठतोच. बसच्या वेळा त्याच्या चित्रांच्या वेळापत्रकात घालून उठायची परवानगीच द्यावी, असं मनात आहे. कोणी असं करून पाहिलंय का?