खिशात मावेल असं छोटं ३२ बोअर रिव्हॉल्व्हर कोणतं घ्यावं? (नागपूर)

इतवारीकर:
नमस्कार मंडळी. इतवारीत सराफा ओळीत आमचं छोटं दुकान आहे. पोलीस आयुक्तालयात शस्त्र परवान्यासाठी अर्ज केला होता. ठाण्याची चौकशी, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, सगळं होऊन आता परवाना हातात आला. रात्री दुकान वाढवलं की मी आणि धाकटा भाऊ ॲक्टिव्हावर मानेवाड्याला जातो, कधी कधी सोबत माल असतो. म्हणून लहान, हलकं आणि बाहेरून कोणाला दिसणार नाही असं रिव्हॉल्व्हर पाहून राहिलो. निर्भीक मनात आहे. ओळखीचे एक काका त्यांचं जुनं कानपूरचं ३२ द्यायला तयार आहेत. एक जण म्हणतो प्रबळच घे. मे महिन्यात आपल्याकडे पातळ सुती शर्टाशिवाय अंगावर काही सहन होत नाही, त्यात हे लपवायचं कसं तेही सांगा. अंबाझरीच्या फॅक्टरीतून थेट मिळतं का?

कळमन्याचा गडी:
भाऊ, अंबाझरीत तोफगोळ्यांचं काम चालतं, रिव्हॉल्व्हर कानपूरचं. पण निडर पाहिलंत का? ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचं, २२ बोअर, वजन अडीचशे ग्रॅम. निर्भीकच्या निम्मं. शर्टाच्या खिशातही जड वाटणार नाही.

जुना नेमबाज:
शर्टाच्या खिशात तर मुळीच नको. वाकून किल्ली उचलली की हत्यार रस्त्यावर. शिवाय २२ च्या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत असतो, त्यामुळे फुसकी निघण्याचं प्रमाण ३२ पेक्षा जास्त. जीव वाचवायला घेताय, तर ३२ वरच थांबा. ३८ आणि ९ एमएम आपल्याला मिळत नाहीत, ते प्रतिबंधित बोअर.

इतवारीकर, तुम्ही आकार आधी धरला आणि बाकीचं मागे ठेवलं. माझ्या मते उलटं करा. ज्याचा ट्रिगर तुम्हाला नेम न हलवता सलग ओढता येतो, ते रिव्हॉल्व्हर तुमचं. हॅमर (काडतुसावर ठोका मारणारा मागचा भाग) मागे न ओढता, नुसत्या ट्रिगरवर. दुकानात हातात घ्या, उघडून रिकामं असल्याची खात्री करा आणि डीलरची परवानगी घेऊन सुरक्षित दिशेला ओढून पाहा. समोरची माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) प्रत्येक ओढीला खाली झुकत असेल तर ते कितीही गोंडस असो, परत ठेवा.

निर्भीक २०१४ मध्ये आलं. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, पाचशे ग्रॅम, सहा राउंड (काडतुसं). त्या वेळी किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. हलकं आहे, पण हलक्या हत्याराचा झटका हातात जास्त बसतो, हे घेणारे विसरतात. ३२ चा झटका मुळात सौम्य, म्हणून चालून जातं. प्रबळ २०२३ चं. सातशे ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटर, चकरी (काडतुसं बसतात तो फिरता भाग) बाजूला उघडते, त्यामुळे भरणं आणि तपासणं सोपं. त्याची जाहिरात पन्नास मीटरच्या पल्ल्यावर झाली. इतवारीच्या गल्लीत पन्नास मीटरचं काय करायचं? तेवढ्या अंतरावर माणूस असेल तर गाडी वळवून निघून जायचं असतं. आणि चुकलेली गोळी कुठल्या दुकानाच्या पायरीवर जाईल त्याचा जाब तुम्हालाच द्यावा लागेल.

काकांचं जुनं ३२ नाकारू नका, पण तपासा. भरण्यासाठी मधून दुमडून उघडतं ते असेल तर कडी लावल्यावर सांध्यात खडखड आहे का पाहा. रिकामं करून हॅमर मागे ओढा आणि चकरी बोटांनी हलवा. किंचित हलली तर चालेल, ढिली असेल तर सोडा. नळीतून उजेडाकडे पाहिलं की गंजाचे खड्डे लगेच दिसतात. ते पाहायला लाजू नका, काका रागावणार नाहीत.

आता खिसा. रिकामं हत्यार घ्या, ॲक्टिव्हा स्टँडवर लावा, बसा आणि पॅन्टच्या पुढच्या खिशात हात घालून पाहा. बसल्यावर मांडीमुळे खिशाचं तोंड आवळतं, पंजा आत जात नाही. गेलाच तर बाहेर काढताना हॅमरचं टोक अस्तरात अडकतं. उभं राहून आरशासमोर हे कधीच कळत नाही. म्हणून स्कूटरवर जाणाऱ्याने खिशाचा नाद सोडून कमरेला, उजव्या बाजूला, ट्रिगर पूर्ण झाकणारं होल्स्टर घ्यावं. वरून शर्ट बाहेर, एक माप मोठा, चौकड्यांचा किंवा गडद रंगाचा. पांढऱ्या शर्टाखाली घामाने सगळी आकृती उमटते. २०१६ च्या शस्त्र नियमांतही हत्यार होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असावं असंच आहे. डिक्कीत ठेवणं म्हणजे ताब्यात ठेवणं नव्हे.

इतवारीकर:
दादा, बसून पाहिलं आत्ताच, मोबाईल खिशात घालून. खरंच हात जात नाही! मग पोलादी प्रबळ कमरेला लावलं तर घामाचं काय? आपला घाम म्हणजे मीठच.

जुना नेमबाज:
रात्री घरी आलात की काढा, रिकामं करा, कोरड्या सुती फडक्याने पुसा आणि बाहेरून तेलाचा नुसता हात फिरवा. चकरीच्या घरांत तेल राहू देऊ नका. ते काडतुसाच्या टोपीत झिरपलं की राउंड मुका होतो. चामड्याच्या होल्स्टरमध्ये रात्रभर ठेवू नका, चामडं घाम धरून ठेवतं आणि पोलादाला डाग पडतात. पावसाळ्यात तर मुळीच नाही. अंगावर बाळगलेले राउंड अधूनमधून रेंजवर संपवा आणि नवे भरा.

रेशीमबाग ताई:
मी वकील आहे, म्हणून दोन गोष्टी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, खासगी बचावाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. बचावासाठी लागेल त्याहून जास्त इजा करण्याची मुभा त्यात नाही. पिशवी घेऊन पळणाऱ्याच्या पाठीत गोळी लागली, तर कोर्टात उभं राहणं फार अवघड जातं. इतवारीकर, मालाचा ज्वेलर्स ब्लॉक विमा (सराफांच्या मालासाठीचा) काढलाय ना? काढला असेल तर पिशवी देऊन टाका. हत्यार तुमच्या आणि भावाच्या जिवासाठी.

दुसरं, काकांकडून घेणार असाल तर नुसता व्यवहार करून मोकळं होता येत नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे त्यांनी विक्रीचा इरादा लेखी कळवावा लागतो आणि त्यानंतर ४५ दिवस जावे लागतात. तेवढ्यात तुमच्या परवान्यावरची खरेदीची मुदत संपणार नाही ना, ते आधी पाहा. निवडणुकीत ठाण्यात जमा करायची नोटीस आली तर जमा करा आणि पावती जपून ठेवा.

घरात लेकरं आहेत का?

इतवारीकर:
आहेत ताई, दोन. मोठा सातवीत. विमा आहे, पण दुकानातल्या मालाचा. रस्त्यातल्या मालाचं पाहतो उद्याच.

रेशीमबाग ताई:
मग रिव्हॉल्व्हर घ्यायच्या आधी भिंतीत पक्की बसवलेली छोटी तिजोरी घ्या. काडतुसं वेगळ्या कुलपात. सातवीतल्या मुलाला कपाटाच्या वरच्या फळीवरचं सगळं माहीत असतं. आणि भाऊ सोबत असतो म्हणताय, पण परवाना तुमचा एकट्याचा आहे. त्याच्या हातात क्षणभरही द्यायचं नाही, गाडी लावायला उतरलात तरी.

कळमन्याचा गडी:
निडरचा मुद्दा मागे घेतो, दादांचं पटलं. इतवारीकर, ठरलं काय मग?

इतवारीकर:
काकांचं आधी उजेडात पाहतो, नळी स्वच्छ निघाली आणि मुदत बसली तर तेच, कारण ट्रिगर त्यांचा वापरून मऊ झालाय. नाहीतर प्रबळ. निर्भीक यादीतून काढलं. दादा, कमरेच्या होल्स्टरला डाव्या बाजूने उलटं लावलं तर स्कूटरवर बरं पडेल का?

जुना नेमबाज:
नको. उलटं लावलं की काढताना नळी मागे बसलेल्या भावावरून फिरते. उजवीकडेच लावा, मागच्या खिशाच्या किंचित पुढे, आणि पट्टा जाड घ्या. पातळ पट्ट्यावर सातशे ग्रॅम लोंबकळतं आणि शर्ट ओढला जातो.