दव गोठणाऱ्या बागेत नाजूक सदाहरित झुडपे : सल्ला हवा आहे

लेस्टरची_माळीण
नमस्कार. आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ राहतो. घरामागची बाग उताराच्या तळाशी असून खालच्या कडेला सलग लाकडी कुंपण आहे. माती चिकण आहे आणि एप्रिलअखेरपर्यंत, क्वचित मे महिन्यातही, पहाटे दव गोठते. कण्हेर, अनंत, कुंती आणि कढीलिंब लावण्याची इच्छा आहे. नर्सरीच्या चिठ्ठीवरची थंडी सोसण्याची श्रेणी पाहून निवड केली तर पुरे होईल का?

उत्तरायण
रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या ब्रिटनमधील बागकाम संस्थेच्या वर्गवारीत एच ३ श्रेणीची झाडे साधारण उणे ५ अंशांपर्यंत आणि एच ४ श्रेणीची उणे १० अंशांपर्यंत तग धरतात, पण आपल्या बागेत श्रेणीआधी जागा पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमिनीतली उष्णता निघून जाते, लगतची हवा गार होऊन जड होते आणि उताराने खाली येऊन सलग कुंपणाशी तुंबते. त्यामुळे एकाच बागेत वरच्या आणि खालच्या कोपऱ्यात काही अंशांचा फरक पडू शकतो. शक्य असल्यास कुंपणाच्या तळाच्या फळ्या काढून हवेला वाट द्यावी आणि नाजूक झुडपे घराच्या दक्षिण किंवा पश्चिम भिंतीशी लावावीत, कारण दिवसा तापलेली वीट रात्री ती ऊब परत देते. पूर्वेची भिंत टाळावी, कारण गोठलेल्या कळ्यांवर सकाळचे ऊन एकदम पडले की त्या करपतात, आणि कॅमेलिया या फुलझुडपाच्या बाबतीत हे फार दिसते.

चिकणमाती
भिंतीचा मुद्दा मान्य आहे, परंतु आपल्याकडे थंडीपेक्षा हिवाळ्यातली ओल अधिक झाडे मारते. चिकण मातीत वाफा उंच करून त्यात जाड रेव आणि कंपोस्ट मिसळल्याशिवाय एच ३ श्रेणीचे काहीही लावू नये. लागवड शरद ऋतूत न करता मे महिन्याच्या शेवटी करावी, म्हणजे मुळांना पूर्ण उन्हाळा मिळतो. जुलैनंतर नत्रयुक्त खत थांबवावे, नाहीतर उशिरा फुटलेली कोवळी पालवी पहिल्याच गारठ्यात काळी पडते.

निफाडचा_शेतकरी
आमच्याकडे कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवतात आणि पाणी सोडतात, कारण ओली जमीन कोरडीपेक्षा जास्त उष्णता साठवते. तिकडे हा उपाय चालणार नाही का?

चिकणमाती
दादा, तत्त्व योग्यच आहे, पण इथली जमीन डिसेंबरात आधीच भिजलेली असते. भिंतीच्या पायथ्याशी, जिथे पाऊस पोचत नाही, तिथे मात्र गारठ्याआधी दुपारी पाणी द्यावे. सदाहरित झाडाची पाने हिवाळ्यातही पाणी गमावत असतात आणि मुळांभोवतीची माती गोठली की ती भरपाई होत नाही, म्हणून बुंध्याला न टेकवता सालींच्या तुकड्यांचे जाड आच्छादन घालावे.

उत्तरायण
आता निवडीविषयी. कुंती आणि कढीलिंब जमिनीत लावण्याचा विचार सोडावा. ती कुंडीत राहतील आणि ऑक्टोबरपूर्वी घरात येतील. कुंतीच्या जागी चोइस्या तेर्नाता घ्यावी, ती लिंबाच्याच कुळातली, पांढऱ्या सुगंधी फुलांची आणि एच ४ श्रेणीची आहे. मोगऱ्याची आठवण येत असेल तर भिंतीवर चढवायला ट्रॅकेलोस्पर्मम हा वेल आहे. अनंताला आम्लधर्मी माती लागते आणि नळाच्या जड, म्हणजे क्षारयुक्त पाण्याने त्याची पाने पिवळी पडतात, म्हणून तो कुंडीत ठेवून पावसाचे पाणी द्यावे.

लेस्टरची_माळीण
सर्वांचे आभार. कण्हेरीचे काय करावे, आणि फ्लीस, म्हणजे झाडांवर टाकायचे हलके संरक्षक कापड, कधी पांघरावे?

चिकणमाती
कण्हेर मोठ्या कुंडीत लावून, न गोठणाऱ्या पण उजेडाच्या पडवीत हिवाळा काढू द्यावा आणि त्या काळात पाणी बेताचे द्यावे. घरात लहान मुले असतील तर तिचा चीक आणि पाने विषारी आहेत, हे लक्षात असू द्यावे. जमिनीतल्या झुडपांवर फ्लीस संध्याकाळी, ऊब उडून जाण्यापूर्वी, कड जमिनीपर्यंत पोचेल असे टाकावे आणि दिवसा तापमान वाढल्यावर काढावे. प्लॅस्टिक पानांना टेकू देऊ नये. करपलेल्या फांद्या हिवाळ्यात छाटू नयेत; मे महिन्यात साल नखाने खरवडून पाहावी आणि आत हिरवे दिसेल तिथपर्यंतच कापावे.