स्मृतिभ्रंशातील अस्वस्थतेवर लेमन बामचे तेल कितपत उपयोगी?

कातरवेळ:
माझ्या सासऱ्यांना स्मृतिभ्रंश आहे. दिवसभर ते शांत असतात, परंतु दिवेलागणीच्या सुमारास येरझाऱ्या घालू लागतात आणि “मला घरी जायचे आहे” असे म्हणत दाराची कडी काढू पाहतात. डॉक्टरांची औषधे चालू आहेत. लेमन बाम, म्हणजेच मेलिसा, या लिंबासारख्या वासाच्या वनस्पतीच्या सुगंधी तेलाने अशी अस्वस्थता कमी होते असे वाचनात आले. ऑनलाइन १० मिलीची बाटली ३०० रुपयांना मिळते आहे. ती घ्यावी का, आणि घेतल्यास कशी वापरावी?

अत्तरकुपी:
सुगंधी तेलांच्या व्यवहारातला असल्यामुळे आधी बाटलीविषयी लिहितो. मेलिसाच्या पाल्यात तेल इतके कमी असते की शंभर किलो ताज्या पाल्याच्या ऊर्ध्वपातनातून अनेकदा १०० ग्रॅम तेलही हाती लागत नाही. त्यामुळे अस्सल तेल अतिशय महाग असते आणि ३०० रुपयांत ते मिळणे शक्य नाही. त्या बाटलीत बहुधा गवती चहा आणि सिट्रोनेला यांच्या तेलांचे मिश्रण असेल, कारण मेलिसाच्या वासाला कारणीभूत असणारे सिट्रल पहिल्यात आणि सिट्रोनेलाल दुसऱ्यात भरपूर असते, आणि नुसत्या नाकाला हा फरक सहसा कळत नाही. विक्रेत्याकडे त्याच बॅचचा जीसी-एमएस अहवाल, म्हणजे तेलात कोणते घटक किती आहेत हे दाखवणारा प्रयोगशाळेचा अहवाल, मागावा. अस्सल तेलात या दोन घटकांबरोबर बीटा-कॅरिओफायलिन हा घटकही ठळकपणे दिसतो. अहवाल देण्यास टाळाटाळ झाली, तर तो नाद सोडावा.

निवृत्त औषधनिर्माती:
ताई, आपण वाचलेल्या दाव्याचे मूळ बहुधा २००२ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. त्यात तीव्र स्मृतिभ्रंश असलेल्या ७२ रुग्णांच्या चेहऱ्याला आणि हातांना चार आठवडे मेलिसा तेलाचे किंवा साधे लोशन लावले होते, आणि मेलिसाच्या गटातील अस्वस्थता लक्षणीय कमी झाली. तथापि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत, जिथे वासावरून गट ओळखू येऊ नये म्हणून तपासनिसांच्या नाकाला चिमटे लावले होते, मेलिसाचा गट नकली उपचाराच्या गटापेक्षा सरस ठरला नाही. मात्र सर्वच गटांत थोडीफार सुधारणा दिसली. माझ्या मते रोज कोणीतरी जवळ बसून हळुवार हाताने लोशन लावण्याचाही त्यात वाटा असावा. अल्झायमरमध्ये गंधज्ञान पुष्कळदा लवकर मंदावते, ही गोष्टही नुसत्या वासावर भिस्त ठेवताना ध्यानात घ्यावी.

आणखी एक गल्लत सर्रास होते. ओठांवर उठणाऱ्या हर्पिसच्या फोडांसाठी वापरले जाणारे मेलिसाचे मलम पाल्याच्या अर्कापासून बनते. त्या अर्कातील गुणकारी मानले जाणारे रोझमॅरिनिक आम्ल ऊर्ध्वपातनात वाफेबरोबर उडत नसल्यामुळे तेलात उतरत नाही, तेव्हा अर्काचे गुण तेलाच्या नावावर खपवता येत नाहीत.

कातरवेळ:
दोघांचेही आभार. ती बाटली घेणार नाही. अस्सल तेल मिळालेच, तर प्रमाण किती ठेवावे?

निवृत्त औषधनिर्माती:
सिट्रलमुळे त्वचेला ॲलर्जी होऊ शकते, म्हणून घरगुती वापरात प्रमाण एक टक्क्याच्या आत ठेवावे, म्हणजे ३० मिली तिळाच्या किंवा बदामाच्या तेलात ५ थेंब पुरेत. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून एक दिवस वाट पाहावी आणि चेहरा टाळावा, कारण सासरे हात डोळ्यांना लावतील. डिफ्युझर (सुगंध हवेत पसरवणारे उपकरण) वापरल्यास तीन-चार थेंब अर्धा तास पुरेत आणि खोलीची एक खिडकी उघडी असावी. बाटली त्यांच्या हाती लागणार नाही अशा कपाटात ठेवावी, कारण लिंबासारख्या वासामुळे ते सरबत समजून तोंडाला लावू शकतात. डॉक्टरांची औषधे त्यांना विचारल्याशिवाय कमी करू नयेत.

अत्तरकुपी:
हवा आणि उजेड लागल्यास सिट्रल लवकर खराब होते आणि असे जुने तेल त्वचेला अधिक झोंबते. म्हणून गडद काचेची लहानात लहान बाटली घ्यावी आणि ती फ्रिजमध्ये ठेवायची झाल्यास कुलूप असलेल्या डब्यात ठेवावी. केवळ लिंबासारखा दरवळ हवा असेल, तर उकळत्या पाण्यात घातलेली गवती चहाची पात तेच काम जवळजवळ फुकटात करते.