पेशंटचं रोजचं इंग्रजी कळत नाही. फ्रेजल व्हर्ब कसे शिकावेत?

कृष्णाकाठची:

नमस्कार मंडळी. मी मूळची मिरजेची, स्टाफ नर्स. आठ वर्षं तिथे मेडिसिन वॉर्डात काम केलं. ओईटी (परदेशी नोकरीसाठी नर्स-डॉक्टरांना द्यावी लागणारी इंग्रजीची परीक्षा) पास होऊन चार महिन्यांपूर्वी इंग्लंडच्या उत्तरेला एका हॉस्पिटलात वयस्क रुग्णांच्या वॉर्डात रुजू झाले. शिक्षण मराठी माध्यमातलं आणि इंग्रजी पाचवीपासून. २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, आमची बॅच त्याच्या एक वर्ष आधीची.

डॉक्टरांचं बोलणं मला कळतं, फाईल वाचता येते, नोट्स लिहिता येतात. पेशंट बोलायला लागले की मात्र अडतं. ते 'व्हॉमिट' म्हणत नाहीत, 'फेंट' म्हणत नाहीत. दोन छोटे शब्द जोडून बोलतात, तेच हे फ्रेजल व्हर्ब. दोन्ही शब्द मला माहीत असतात, पण एकत्र आले की अर्थ हातातून निसटतो.

गेल्या आठवड्यातलं सांगते. एक आजोबा म्हणाले, 'आय कान्ट कीप एनीथिंग डाउन.' मला वाटलं, हातातला कप ठेवायला जागा नाही. मी टेबल जवळ ओढून दिलं. ते परत तेच म्हणाले, मग शेजारच्या हेल्थकेअर असिस्टंटने सांगितलं की त्यांच्या पोटात काही ठरत नाहीये, सकाळपासून सगळं उलटून पडतंय. गोळ्याही पडल्या होत्या. पुढे सगळं वेळेवर झालं, पण ती पाच मिनिटं डोक्यातून जात नाहीत.

दुसरं, सहकारी ओरडली, 'द पंप्स गोइंग ऑफ!' मी समजले सलाईनचा पंप बंद पडतोय. प्रत्यक्षात त्याचा अलार्म वाजत होता.

सगळ्यात खुपतं ते हे, की कळलं नाही की मी मान डोलावून 'येस' म्हणते. इथे तसं करून चालणार नाही. पुस्तक, ॲप, वेबसाइट, पद्धत, काहीही सुचवा. रोज अर्धा तास देऊ शकते.

नागपूर_ते_लेस्टर:

अगं, वयाने लहान असशील म्हणून अगं म्हणते. मी २००९ पासून इकडे आहे, सर्जिकल वॉर्डात. मनाला लावून घेऊ नकोस. पण ते 'येस' म्हणणं मात्र आजपासून बंद कर. हा माझा पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा सल्ला.

त्याऐवजी कळलेला अर्थ आपल्या साध्या शब्दांत परत विचारायचा. 'सो, यू आर बीइंग सिक आफ्टर यू ईट?' चुकलं असेल तर पेशंटच सुधारून सांगतो आणि बरोबर असेल तर त्याला बरं वाटतं की सिस्टर ऐकतेय. इथे कोणी याला कमीपणा मानत नाही. माझ्या पहिल्या वर्षातलं निम्मं इंग्रजी मी या एका सवयीने शिकले.

आणि 'सिक' लक्षात ठेव. आपण शाळेत सिक म्हणजे आजारी शिकलो. इथे 'आय वॉज सिक' म्हणजे बहुतेक वेळा उलटी झाली, आणि 'आय फील सिक' म्हणजे मळमळतंय.

आता वॉर्डातलं. मी नव्या मुलींना सांगते ते तसंच लिहिते. पेनकिलरचा असर उतरला की ती 'वेअर ऑफ' झाली. भूल उतरून माणूस शुद्धीवर आला की 'कम राउंड'. आजीची जेवणावरची वासना गेली की 'शीज गॉन ऑफ हर फूड'. हे वाक्य नातेवाइकांच्या तोंडी आलं तर दुर्लक्ष करू नकोस, म्हाताऱ्या माणसात बरेचदा तेवढीच एक खूण असते. अचानक गरगरलं तर 'आय केम ओव्हर ऑल डिझी'. अंगावर पुरळ उठलं तर 'कम आउट इन अ रॅश'. पाठ धरली तर 'पुट माय बॅक आउट'. गुडघ्यातून पाय गेला तर 'माय नी गेव्ह वे', आणि हे ऐकलंस की पडण्याचा धोका लगेच नोंदव.

स्टाफचं वेगळं. 'चेस अप द ब्लड्स' म्हणजे रक्ताच्या रिपोर्टचा पाठपुरावा कर. 'गेट हिम रिटन अप फॉर पॅरासिटामॉल' म्हणजे डॉक्टरांकडून चार्टवर औषध लिहून घे. 'ड्रॉ अप' म्हणजे इंजेक्शन सिरिंजमध्ये भरणं.

एकदम पाठ करू नकोस. ज्या दिवशी कानावर पडेल त्या दिवशी लिही.

नाईट_ड्यूटी:

५०० फ्रेजल व्हर्बची यादी मिळते, ती घ्या. फ्लॅशकार्डचं ॲप टाका, रोज वीस. महिन्याभरात संपते. मी आयईएल्ट्सच्या इंग्रजी परीक्षेला असंच केलं होतं.

खडू_फळा:

नाईट_ड्यूटी, तुमचा अनुभव खरा असेल, पण या ताईंची अडचण वेगळी आहे. परीक्षेत शब्द समोर छापलेला असतो आणि विचार करायला वेळ असतो. त्यांना चालत्या बोलण्यातला अर्थ क्षणात पकडायचाय. यादीत 'गो ऑफ'समोर सहा अर्थ लिहिलेले असतात: अलार्म वाजणं, दूध नासणं, दिवे जाणं, स्फोट होणं, निघून जाणं, मन उडणं. सहाही पाठ असले तरी पंप किंचाळत असताना त्यातला कुठला, हे यादी सांगत नाही.

मी कोल्हापुरात ओईटीचे वर्ग घेतो. परीक्षेत बोलण्याचे दोन रोलप्ले असतात, प्रत्येकी साधारण पाच मिनिटांचे, आणि समोरचा माणूस पेशंट किंवा नातेवाईक होतो. तिथे विद्यार्थी पेशंटशीही अवजड शब्दांत बोलतात, कारण आपण इंग्रजी पुस्तकातून शिकलो. 'डू यू एक्स्पीरियन्स नॉशिया?' विचारतात. 'आर यू फीलिंग सिक?' तोंडात येतच नाही.

ओझं हलकं वाटावं म्हणून दोन गोष्टी सांगतो. फ्रेजल व्हर्ब हजारोंनी आहेत, पण वापरात थोडेच पुन्हा पुन्हा येतात. २००७ साली गार्डनर आणि डेव्हिस या अभ्यासकांनी ब्रिटिश इंग्रजीतल्या लिहिलेल्या-बोललेल्या मजकुराचा प्रचंड मोठा साठा तपासला. त्यात दिसलं, की गो, कम, टेक, गेट, पुट, पिक अशी २० क्रियापदं आणि आउट, अप, ऑन, बॅक, डाउन, इन, ऑफ, ओव्हर हे आठ शब्द, यांच्याच जोड्यांनी निम्म्याहून जास्त वापर व्यापलाय. पुढे २०१५ मध्ये गार्निए आणि श्मिट यांनी सर्वांत जास्त वापरातले १५० निवडून त्यांचे फक्त नेहमीचे अर्थ दिले. प्रत्येकाचे सरासरी दोन. यादीच हवी असेल तर ही घ्या, ५००ची नको. ती 'फेव्ह लिस्ट' या नावाने सापडते.

शब्दवेडा:

मी नर्स नाही, पण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे म्हणून लिहितो. फ्रेजल व्हर्ब परके वाटतात कारण आपण ते शब्दशः फोडायला जातो. मराठीत आपण हेच दिवसभर करतो.

'लागणे' घ्या. भूक लागली, आग लागली, दार लागलं, निकाल लागला, नोकरी लागली, ठेच लागली. गाडी फलाटाला लागते आणि घाटात एखाद्याला गाडी लागते. परक्या माणसाला हे शिकवायचं म्हटलं तर तो डोकं धरून बसेल. आपण कधी गोंधळतो का? नाही, कारण आपण 'लागणे' शिकलोच नाही. आपण 'भूक लागली' शिकलो. 'नॉड ऑफ' फोडायला जाऊ नका. 'डोळा लागला' म्हणून पूर्ण उचला.

दुसरं साम्य मला फार मोलाचं वाटतं. लिहून घे, लिहून दे, लिहून ठेव, लिहून टाक. क्रिया एकच, पण मागून येणारा छोटा शब्द तिला वळण देतो. इंग्रजीत ते काम अप, ऑफ, डाउन करतात. 'ईट अप' म्हणजे खाऊन टाक, 'राइट डाउन' म्हणजे लिहून घे किंवा लिहून ठेव. आणि 'एंड अप'साठी तर आपल्याकडे नेमका शब्द आहे: बसणे. 'मी चुकीची बस पकडून बसले', 'आय एंडेड अप ऑन द राँग बस'. वहीत इंग्रजीसमोर इंग्रजी व्याख्या लिहू नका, असं अख्खं मराठी वाक्य लिहा. 'कीप डाउन'समोर 'पोटात ठरत नाही'. तुम्ही स्वतःच तो अर्थ किती अचूक लिहिलाय बघा.

हे सगळीकडे जुळणार नाही, ओढून जुळवूही नका. पण जिथे जुळतं तिथे शब्द कायमचा घरचा होतो.

कृष्णाकाठची:

सगळ्यांचे मनापासून आभार. शब्दवेडा, 'डोळा लागला' वाचून खरंच काहीतरी उलगडलं. कालपासून वहीत तसंच लिहितेय.

एक शंका. बोलताना मी 'प्लीज टेक ऑफ इट' म्हणाले, स्लिंगबद्दल. पेशंटला कळलं, पण तिने हळूच 'टेक इट ऑफ' म्हटलं. मग 'लुक आफ्टर हिम' का, 'लुक हिम आफ्टर' का नाही? काही नियम आहे का, की प्रत्येक वेगळं पाठ करायचं?

खडू_फळा:

नियम आहे. इट, हिम, देम असं सर्वनाम आलं, की सुटणाऱ्या, म्हणजे मध्ये शब्द घेऊ देणाऱ्या जोडीत ते मध्येच बसतं. टेक इट ऑफ, पुट देम ऑन, कीप इट डाउन. पूर्ण नाम असेल तर दोन्ही चालतं: टेक युअर जॅकेट ऑफ, टेक ऑफ युअर जॅकेट. न सुटणाऱ्या जोडीत, म्हणजे लुक आफ्टर, लुक इंटू, कम अक्रॉस, नेहमी शेवटी.

कुठली सुटते ते कसं ओळखायचं? केंब्रिजच्या ऑनलाइन शब्दकोशात बघा. तिथे 'पुट समथिंग ऑफ' असं मधे लिहिलेलं असतं आणि 'लुक आफ्टर समवन' असं शेवटी. अर्थाआधी ते बघायची सवय लावा.

कानाने ओळखायची खूण जास्त उपयोगी. सुटणाऱ्या जोडीत जोर दुसऱ्या शब्दावर पडतो: टेक इट *ऑफ*. 'लुक ॲट इट'मध्ये तो 'लुक'वर असतो. आपण मराठी बोलणारे सगळ्या शब्दांना सारखाच जोर देतो, त्यामुळे आपलं 'ऑफ' त्यांना ऐकू येत नाही आणि त्यांचं आपल्याला. शिवाय बोलताना हे शब्द एकमेकांना चिकटतात. 'पिक इट अप' कानाला 'पिकिटप' लागतं, 'टेक इट ऑफ' हे 'टेकिटॉफ'. तुम्हाला शब्द माहीत असूनही कळत नाही, त्याचं हे मोठं कारण. तीन शब्दांचा एक शब्द झालेला असतो आणि तो तुम्ही कधी ऐकलेलाच नसतो.

म्हणून अर्धा तास असा वापरा. बीबीसी लर्निंग इंग्लिशवर सहा मिनिटांचे कार्यक्रम आहेत, सोबत लिखित संहिता मिळते. आधी न वाचता ऐका, मग वाचा, मग वाचत ऐका, शेवटी त्यांच्या पाठोपाठ मोठ्याने म्हणा. दुसरं, यूग्लिश नावाची साइट आहे. तिथे 'वेअर ऑफ' टाकलंत की यूट्यूबवरच्या व्हिडिओंत खऱ्या माणसांनी तो उच्चारलेला नेमका क्षण एकामागून एक लागतो. ब्रिटिश उच्चार निवडता येतात. एका शब्दाचे दहा तुकडे ऐका, पुरे.

नागपूर_ते_लेस्टर:

एक सावधगिरी राहिली. ऐकायला सगळं शिक, पण वापरायचं कुठे ते बघून. पेशंटशी बोलताना 'डिड यू थ्रो अप?' चालतं. नोट्समध्ये 'व्हॉमिटेड ट्वाइस' असंच लिहायचं, किती वाजता आणि किती ते धरून.

आणि 'पास'च्या जोड्या जपून. आपण भारतात '२०१५ला पासआउट झाले' म्हणतो. इथे 'पास्ड आउट' म्हणजे शुद्ध हरपली. 'पास्ड अवे' म्हणजे गेले. फोनवर एका शब्दाची गल्लत झाली तर समोरच्या घरावर काय ओढवेल याचा विचार कर. मला शिकवलं ते असं, की मृत्यूची बातमी सांगताना आडवळणाचा शब्द वापरायचाच नाही, 'डाइड' म्हणायचं. ऐकायला कठोर वाटतं, पण त्यात गैरसमजाला जागा राहत नाही. आपल्याकडे 'गेले' म्हणायची सवय, म्हणून मला हे फार जड गेलं. तुलाही जाईल.

हो, आणि 'कोप अप विथ' म्हणत असशील तर त्यातला 'अप' काढून टाक. मी दहा वर्षं म्हणत होते.

कृष्णाकाठची:

तीन आठवड्यांनी लिहितेय. वहीत ४१ झाले, सगळे वॉर्डात ऐकलेले. रोज बसमध्ये येताजाता सहा मिनिटांचा एक कार्यक्रम आणि यूग्लिशवर एक शब्द, एवढंच करते. परत विचारायचं मात्र प्रत्येक ड्युटीला. पहिले दोन दिवस जीभ जड झाली, आता आपोआप येतं.

काल ड्युटी बदलतानाच्या हँडओव्हरमध्ये ऐकलं, 'बेड फोर्स बीन ऑफ हर फूड सिन्स मंडे.' मी त्या चार नंबर बेडच्या आजींपाशी जाऊन बसले, काय खावंसं वाटतं ते विचारलं. तोंडात फोड आले होते, कवळी टोचत होती. त्यांनी ते कोणाला सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांना दाखवलं, आज त्यांनी थोडं कस्टर्ड खाल्लं.

आता नवीन प्रश्न. इथल्या सगळ्या सिस्टर 'पॉप' म्हणतात. पॉप युअर शूज ऑफ (बूट काढा), पॉप अप ऑन द बेड (बेडवर चढा), आयल पॉप बॅक (मी परत येते). पेशंटला उठ-बस सांगायला मलाही हे वापरायचंय, पण वयाने मोठ्या माणसाला तसं म्हटलं तर उद्धट वाटेल का?

नागपूर_ते_लेस्टर:

उलट मऊ वाटतं गं. आपण 'जरा' म्हणतो ना, 'आजी, जरा इकडे वळता का', तसं ते. बिनधास्त म्हण.