जुना सायलेन्सर घेताना ‘बसतोय ना?’ एवढंच विचारून भागतं का?

स्टेपनी
माझी 2014 ची पेट्रोल स्विफ्ट. मागचा सायलेन्सर कुजला म्हणून कुर्ल्याला सीएसटी रोडवर गेलो. दुकानदार म्हणाला, “स्विफ्टचाच आहे साहेब, डोळे झाकून न्या.” खिशात माप घ्यायचा व्हर्नियर होता. पाईपचं तोंड माझ्यापेक्षा 4 मिमी मोठं निघालं. खोदून विचारल्यावर कबूल झाला, डिझेल गाडीवरून उतरवलाय.

माझं मत सरळ आहे. गाडीचं नाव सांगून जुना एक्झॉस्ट घेणं म्हणजे आडनाव विचारून चष्मा विकत घेणं. साल, इंधन, इंजिन आणि प्रदूषणाचा टप्पा बीएस-4 की बीएस-6 हे आधी. मग पार्ट नंबर. मारुतीच्या नंबरात पहिले पाच आकडे भाग कोणता ते सांगतात, पुढच्या अक्षर-आकड्यांवरून मॉडेल कळतं. जुन्या भागावरचा नंबर गंजून गेला असेल तर चासी नंबर घेऊन डीलरच्या स्पेअर काउंटरवर जा. नंबर जुळत नसेल तर हात लावू नका.

गॅरेजकाका
असं नंबर बघत बसलं तर आमच्याकडे एकही गाडी रस्त्याला लागायची नाही. कॅट म्हणजे धूर साफ करणारा डबा, त्याच्या मागे नळी ती नळीच. 4 मिमीला एक स्लीव्ह म्हणजे जोडनळी, दोन वेल्डिंगचे फेरे, अर्धा तास. उलट नंबर तंतोतंत जुळतो आणि पाईप ॲक्सलला घासतो, कारण ज्या गाडीवरून काढला तिला मागून ठोकर बसलेली असते. हे नंबर सांगतो का? सायलेन्सर रबरांवर लटकवा, हाताने हलवा, टाकी आणि ब्रेकच्या नळीपासून दोन बोटं अंतर राहतंय का बघा. आमची परीक्षा ही.

स्टेपनी
काका, मागच्या नळीपुरतं मान्य. पण तुमच्यासारखाच एक वेल्डर मला फ्लेक्स, म्हणजे पुढची लवचिक नळी, काढून सरळ पाईप टाकायला सांगत होता. इंजिन रबरांवर डुलतं, तो डोल फ्लेक्स पितो. तो काढला की झटका इंजिनालगतच्या मॅनिफोल्डला, आणि मग तडा. शिवाय धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या पुढच्या सेन्सरच्या आधी कुठे जोड गळत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ते वाढवून देतो. ॲव्हरेज गेलं तेल लावत.

गॅरेजकाका
फ्लेक्स काढणारा वेल्डर आणि मी एका पंक्तीत बसवू नका हो.

दाभोळखाडी
आमच्याकडे कोकणात पत्रा बाहेरून बरा दिसतो आणि आतून चाळण. रोज दोन किलोमीटर चालणारी गाडी असेल तर सायलेन्सर पुरता तापतच नाही, वाफेचं पाणी आतच. ते पडायला खाली बारीक भोक असतं, कंपनीनेच दिलेलं. मी पाहिलेल्या एका ‘रिकंडिशन’ मालात ते भोक वेल्डिंगने बुजवून वर चंदेरी रंग मारला होता! स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने शिवणीवर ठोकत जा. टणटणीत वाजला तर ठीक, भदभद वाजला तर ठेवून द्या.

मधमाशीपोळं
सगळे मागच्याच नळीवर भांडताय. जुना कॅट-कॉन, म्हणजे तो कॅटच, घ्यायचा की नाही ते बोला. मी घेतला होता. फ्लँजचे बोल्ट जुळले, पॅकिंग बसलं, महिन्याभरात चेक इंजिन लाईट. कोड P0420, म्हणजे कॅट काम करत नाही. बॅटरी मारून बघितलं तर आतल्या मधाच्या पोळ्यासारख्या जाळीचा एक कोपरा वितळलेला. पुढे तो तुकडा सुटला, खुळखुळा झाला, आणि घाटात गाडी ओढेना. कॅट बोल्टला बसतो, इंजिनाला बसेलच असं नाही.

गॅरेजकाका
हलवून बघितला नव्हतात? खुळखुळला की परत, एवढं तर पोरगंसुद्धा करतं.

मधमाशीपोळं
हलवला होता. तेव्हा गप्प होता. आणि दुसरी गोष्ट: आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम. त्यापायीच मारुती ईको व्हॅनचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या पकडल्या गेल्या. बिल नसलेला स्वस्त कॅट कुणाच्या गाडीखालून आला, तुम्ही छातीठोक सांगाल?

गॅरेजकाका
नाही सांगणार. कॅट मीसुद्धा बिलाशिवाय घेत नाही, आणि घेतला तरी कॅटच्या आधीच्या आणि नंतरच्या दोन्ही सेन्सरांचं रीडिंग स्कॅनरवर बघूनच गाडी सोडतो. पण मागच्या सायलेन्सरसाठी नंबरांची पूजा मला पटणार नाही. स्टेपनी, तो 4 मिमीवाला अजून दुकानात असेल तर पत्ता द्या. माझ्याकडे एक डिझेलवाला थांबलाय.